कोणी राहिलं का?

दोन वर्षं मी एका मेलेल्या माणसाच्या नावाला ओ देत होतो. स्टुडिओत कुणी "भीमराज!" अशी हाक मारली की मी वळायचो, हसायचो, "बोला" म्हणायचो, आणि दर वेळी दार कुठल्या बाजूला आहे ते बघून ठेवायचो. सवय होते म्हणतात. मला झाली नाही. मी मुळातच भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून शौर्याची अपेक्षा करणार नाही.

माझं खरं नाव लवू घाडी. घाटकोपरच्या भटवाडीत, चाळीत राहायचो. वडील, धाकू घाडी, गिरणी कामगार. ब्याऐंशीच्या संपात गिरणी बंद पडली आणि ते घरी बसले ते बसलेच. भीमराज तायडे राहायचा आमच्या चाळीपासून दहा मिनिटांवर, टेकडीवरच्या वस्तीत. तो चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत ड्रम वाजवायचा, मी गणपतीच्या. दोघांच्या गळ्यात अडकायचा तो ड्रम एकाच दुकानातला, भाड्याचा. मी एकदा तो परत करायला गेलो तेव्हा हा दुकानात उभा होता. ड्रमचं पान उलटसुलट तपासून म्हणाला, "काय रे, वाजवतोस का बुक्क्या मारतोस?" आमची दोस्ती तिथून.

अंधेरीला मरोळमध्ये सिप्रियानो सर म्हणून एक गोवेकर होते. आधी हॉटेलच्या बँडमध्ये, मग सिनेमाच्या रेकॉर्डिंगला ड्रम वाजवायचे. घराच्या मागच्या खोलीत खिडक्यांना गाद्या लावून त्यांनी ड्रमसेट मांडला होता. आम्ही दोघं रविवारी तिथे शिकायला जायचो. एकानं तासभर वाजवायचं, दुसऱ्यानं गादीला टेकून ऐकायचं, मग अदलाबदल. सरांकडे इंग्लंड-अमेरिकेच्या रॉक बँडच्या तबकड्या होत्या. त्या ऐकून आम्ही पार वेडे झालो. मुलुंडच्या दोन गिटारवाल्यांना धरून बँडसुद्धा काढला. कॉलेजांच्या गॅदरिंगला चार-पाच वेळा वाजवलं, दोनदा लोकांनी हुसकावून लावलं. ड्रमला अर्थात भीमराज. मी डफली हलवत बाजूला. तो माझ्यापेक्षा चांगला वाजवायचा. हे मी विनयानं सांगत नाही. आम्हा दोघांना ऐकणाऱ्या कुणालाही ते पाच मिनिटांत कळायचं, आणि मला त्याचा रागही यायचा.

ऐंशी साली इंग्लंडचा एक मोठा रॉक ड्रमर गेला. आम्हाला ते कळलं महिन्याभरानं, रद्दीवाल्याकडच्या मासिकातून. भीमराज ते पान घेऊन सरांकडे धावला.  सर ड्रमसेटवर बसले, त्या माणसाचं नाव मोठ्यानं घेतलं आणि अगदी त्याच्या हातचं वाटेल असं वाजवलं. "नाव घ्यायचं, आणि त्याच्यासारखं वाजवायचं," सर म्हणाले. "ड्रमर मेला की दुसरं काय राहतं रे त्याचं?"

त्या वर्षीपासून ती रीतच पडली. नोव्हेंबर हा ख्रिस्ती लोकांचा मेलेल्यांना आठवायचा महिना. त्यातल्या दुसऱ्या रविवारी, दुपारी तीनला, मरोळच्या चर्चमागच्या हॉलमध्ये उपनगरातले ड्रमर जमायचे. सर यादी वाचायचे. तिच्यात गोरे रॉकवाले असायचे, हॉटेलांच्या बँडमधले म्हातारे असायचे, आणि आमच्यासारखे रेकॉर्डिंगवाले. सिनेमाच्या तबकडीवर गायकाचं नाव असतं, संगीतकाराचं असतं. मागे धडाधड वाजवणारा जो असतो त्याचं कुठेच नसतं. त्याचं नाव घेतलं जायचं ते इथेच. ज्यानं नाव घेतलं त्यानं उठून मेलेल्याच्या हातचं वाजवायचं. यादी संपली की सर तीनदा विचारायचे, "कोणी राहिलं का?" तिसऱ्यांदा कुणी उठलं नाही की यादी वर्षभरासाठी बंद. आम्हा शिकाऊ पोरांना तेव्हा तिथे प्रवेश नव्हता, हे सगळं सरांकडूनच ऐकायचो.

त्र्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये भीमराजला वादकांच्या संघटनेचं कार्ड मिळालं. त्याशिवाय रेकॉर्डिंगला बसता येत नसे, आणि ते मिळण्यासाठी परीक्षा द्यावी लागे. परीक्षा घेणारे तिघे होते. त्यांतले एक लगेच दुबईला गेले, दुसऱ्यांना चष्म्याशिवाय स्वतःची बायको ओळखू येत नव्हती, तिसरे आमचे सर. कार्डावरच्या फोटोत दाढी तेवढी दिसायची. दाढी मलाही होती. मी अजून परीक्षेला बसलो नव्हतो. नापास होईन अशी भीती वाटायची.

कार्ड मिळाल्यावर पंधरा दिवसांत भीमराजला कावीळ झाली आणि आठ दिवसांत तो गेला. चोवीस वर्षांचा होता. घरी बायको राधा आणि वर्षाची मुलगी. एकाही रेकॉर्डिंगला बसायची संधी त्याला मिळाली नाही.

तो गेल्यावर दहाव्या दिवशी वस्तीतल्या पिठाच्या गिरणीत फोन आला. संघटनेच्या वहीत भीमराजनं तोच नंबर दिला होता. फोन चंद्रप्रकाशचा होता. हा माणूस वादकांना निरोप देऊन बोलवायचा, कोण कुठे बसणार ते याच्या डायरीत ठरायचं. उद्या नऊला अंधेरीला भीमराजला पाठवा, आमचा ड्रमर आजारी आहे, असा निरोप देऊन त्यानं लगेच फोन ठेवला. राधानं मला बोलावून घेतलं. "भाऊजी, त्यांना जाऊन सांगा हो, हे नाहीत म्हणून. मला नाही जमणार."

मी सांगायलाच गेलो होतो, शपथेवर सांगतो. काठ्या पिशवीत होत्या, पण त्या नेहमीच असायच्या. स्टुडिओच्या दारात चंद्रप्रकाश घड्याळ बघत उभा. मला पाहताच खेकसला, "भीमराज ना तू? नऊ वाजून वीस झाले, यार! पहिल्याच दिवशी वाट लावलीस. पळ आत!" आत चाळीस वादक माझ्याकडे बघत होते. माझी बोबडी वळली. मी जाऊन बसलो आणि वाजवलं. संध्याकाळी चंद्रप्रकाशनं पाठीवर थाप मारली, म्हणाला, "झकास, भीम्या. परवा ये." मी हो म्हणालो.

मिळालेलं पाकीट मी राधासमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. ती रडली. मग तिनं त्यातलं अर्धं उचललं. आणखी एखाद-दोनदा जाऊ, मग सांगून टाकू, असं आमचं ठरलं. सर चिडले. "नाताळपर्यंत स्वतःचं कार्ड काढ," म्हणाले. पण स्वतःच्या नावानं परीक्षेला बसायचं तर कुणासमोर? आता संघटनेतला जो तो मला भीमराज म्हणून ओळखत होता. खरं सांगितलं तर चारशे वीसचा गुन्हा, काम बंद, घरी चूल बंद. नाही सांगितलं तर जन्मभर भीमराज. आपल्याच हातानं मी असा अडकलो होतो, आणि सरही दर महिन्याला थोडं कमी चिडत गेले.

दिवस कसे जायचे ते काय सांगू. कँटीनमध्ये कुणी "घाटकोपरला कुठे राहतोस?" विचारलं तरी मी पाणी प्यायला उठायचो. भटवाडीतला ओळखीचा कुणी अंधेरीला दिसला की मी रस्ता बदलायचो. हजेरीच्या कागदावर "भीमराज तायडे" अशी केलेली सही दर वेळी वेगळी यायची, मग ती कुणी पडताळेल म्हणून रात्र रात्र झोप नाही. आणि नोव्हेंबरचा दुसरा रविवार आला की पाचावर धारण बसायची. त्र्याऐंशीला आणि चौऱ्याऐंशीला, दोन्ही वेळा सरांनी "कोणी राहिलं का?" हे तिसऱ्यांदा विचारताना माझ्याकडे बघितलं. दोन्ही वेळा मी बुटाकडे बघत बसलो.

पंच्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये सर गेले. झोपेतच. मला रडू आलं, आणि त्याच वेळी, लाज वाटते सांगायला, जरा हलकंही वाटलं. अंधेरीत खरी गोष्ट माहीत असलेला माणूस आता उरला नव्हता.

ऑक्टोबरच्या शेवटी एका सकाळी राधा आमच्या चाळीत आली. याआधी ती कधी आली नव्हती. पिठाच्या गिरणीतून निरोप आला की ती चिठ्ठी पाठवायची, तेवढंच. मुलीला कडेवर घेतलेलं. वडील खाटेवर बसले होते, त्यांनी "खयसून इलंस गो?" म्हणून विचारलं, पोरीच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. राधा खाली बसली आणि सरळ मुद्द्यावर आली.

"भाऊजी, येत्या रविवारनंतरच्या रविवारी तुमचा तो कार्यक्रम आहे ना? त्यात यांचं नाव घ्या."

मी वडिलांकडे बघितलं. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. "वहिनी, आपण बाहेर बोलू," मी म्हणालो.

"बाहेर कशाला? मी काही चोरीचं बोलत नाही." मग तिचं तिलाच ते लागलं असावं, कारण तिनं आवाज खाली आणला. "सरांनी मला कबूल केलं होतं. एक ना एक दिवस त्याचं नाव घेऊ, म्हणाले होते. आता तेच गेले. भाऊजी, आमच्या दारात गिरणीवाल्याचा माणूस येतो, फोनवर आलेला निरोप तसाच ओरडतो, भीमराजला पाठवा, भीमराजला नऊला पाठवा. आठवड्यातून तीनदा. ही ऐकते. वस्तीत सगळ्यांना सांगते, माझे पप्पा रेकॉर्डिंगला जातात. लोक माझ्या तोंडाकडे बघतात. परवा हिनं विचारलं, पप्पा रोज अंधेरीला जातात तर घरी का नाही येत?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"काय सांगू? हो म्हणाले, काम असतं." तिनं पदरानं पोरीचं तोंड पुसलं. "वस्तीत आम्ही सगळं केलं. विहारात वंदना झाली, माणसं आली, रडली. पण ज्या लोकांत बसायला हे जन्मभर काठ्या आपटत राहिले, त्यांना हे गेलेत हेच ठाऊक नाही. तुम्ही नाव घ्या आणि यांच्या हातचं वाजवा. हिला एकदा ऐकू दे बाप कसा वाजवायचा ते. मग मी हिला सांगेन."

"नाव घेतलं तर मी संपलो, वहिनी. तुमचंही पाकीट बंद होईल."

"माहीत आहे."

"थोडं थांबू. पुढच्या वर्षी..."

"तुम्ही नाही घेतलं तर मी उठून घेईन," ती म्हणाली आणि पोरीला घेऊन निघाली.

वडिलांनी भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाले, "तू तेच्या नावान कामाक जातंस?" मी मान हलवली. "मेल्या माणसाचा नाव चोरलंस," एवढंच बोलले आणि कूस बदलून पडले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पुढचे पंधरा दिवस मी जिवंत होतो एवढंच. आजारी पडायचा प्रयत्न केला, नुसतं गार पाण्यानं आंघोळ करून काही होत नाही. गावी पळून जावं असं वाटलं. पण सरांच्या पहिल्याच आठवणीला त्यांचा शिष्य भीमराज नाही म्हटल्यावर लोकांनी विचारपूस केली असती, म्हणून तेही जमेना. राधाला समजवायला दोनदा टेकडीच्या पायथ्यापर्यंत जाऊन परत आलो.

रविवारी हॉल भरला होता. चाळीस-पन्नास माणसं. स्टेजवर सरांचा ड्रमसेट आणून मांडलेला, मागे स्टूल. राधा शेवटच्या ओळीत, खिडकीजवळ बसली होती, पांढरी साडी नेसून, पोरीला नवा फ्रॉक घालून. कुणाची तरी बायको असेल म्हणून कुणी विचारलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. 

सर नाहीत म्हणून यादी वाचायला चंद्रप्रकाश उभा राहिला. पहिलं नाव सरांचंच. ते कुणी घ्यायचं हे ठरलेलंच होतं. "भीमराज, ये," तो म्हणाला. मी शेवटच्या ओळीकडे न बघता स्टेजवर गेलो, सरांचं नाव घेतलं आणि हॉटेलच्या बँडमध्ये ते वाजवत तसं वाजवलं. बरं झालं. दोन-तीन जण डोळे पुसत होते. खाली येऊन बसलो तर शर्ट पाठीला चिकटलेला.

मग एकेक नाव होत गेलं. तो ऐंशी सालचा इंग्रज. त्याच्या आधी गेलेला दुसरा इंग्रज. वांद्र्याचे फेलिक्स अंकल, जे म्हणे एका हातात सिगारेट धरून वाजवत. प्रत्येक नावागणिक यादी खाली सरकत होती आणि माझा जीव वर येत होता. शेवटचं नाव झालं. चंद्रप्रकाशनं कागदाची घडी केली.

"कोणी राहिलं का?"

पंखे तेवढे फिरत होते. मी मान वळवून बघितलं. राधानं पोरीचा फ्रॉक मुठीत धरला होता. आता उठेल, आता उठेल. 

"कोणी राहिलं का?"

मागे खुर्ची सरकली आणि माझे डोळे मिटले. पण आवाज पुरुषाचा होता. दहिसरचे एक म्हातारे उठले होते. त्यांचा मोठा भाऊ, सहदेव मोरजकर, सर्कशीत ड्रम वाजवायचा, झोक्यावरची मुलगी सुटली की तो घुमवायचा आणि पकडली की थांबायचा. म्हाताऱ्यांनी ते वाजवून दाखवलं. मी त्या माणसाला मनातल्या मनात लाख आशीर्वाद दिले. तेवढाच वेळ गेला.

चंद्रप्रकाश पुन्हा पुढे आला. "कोणी राहिलं का?"

मी राधाकडे बघितलं. तिनंही माझ्याकडे बघितलं, त्या दिवशी पहिल्यांदाच, आणि मला कळलं की ती उठणार नाही. तिचा चेहरा माझ्यासारखाच झाला होता. तिलाही उद्याची चूल दिसत होती. घरी बोलताना आलेलं बळ इथे, एवढ्या अनोळखी पुरुषांत, तिला सोडून गेलं होतं. तिनं मान खाली घातली. मी सुटलो होतो. आणखी एक वर्ष मिळालं होतं. मला एवढं हायसं वाटलं की मी जवळजवळ हसलोच.

माझा चेहरा बघून चंद्रप्रकाशला गंमत वाटली असावी. "काय भीमराज," तो मोठ्यानं म्हणाला, "करू ना यादी बंद?"

त्या नावासरशी पोरगी ताडकन खुर्चीवर उभी राहिली. तीन वर्षांची पोर, तिला ते नाव चांगलं ठाऊक होतं. आठवड्यातून तीनदा ऐकायची. तिनं मान उंच करून अख्ख्या हॉलभर बघितलं. एकेका माणसाकडे बघितलं. माझ्याकडेही बघितलं आणि नजर पुढे नेली, कारण मी तिला माहीत होतो, मी लवूकाका होतो. ती माझ्या पलीकडे शोधत होती.

मी कसा उठलो ते मला सांगता येणार नाही. पुढच्या खुर्चीची पाठ धरून उभा होतो. "भीमराज तायडे," मी म्हणालो.

हॉलमध्ये हशा पिकला. "अरे बस खाली!" कुणी ओरडलं. चंद्रप्रकाशही हसत होता. "भीम्या, स्वतःचंच नाव घेतोस? दुपारीच लावून आलास का?"

"मी भीमराज नाही," मी म्हणालो. पण ते मलाच ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणालो. "भीमराज दोन वर्षांपूर्वी गेला. काविळीनं. तुम्ही त्याला कधी बघितलंच नाही. मी लवू घाडी. त्याच्या कार्डावर मी वाजवतो. ती त्याची बायको. ती त्याची मुलगी."

हसणं थांबलं. सगळ्या माना राधाकडे वळल्या. तिनं पोरीला छातीशी धरलं होतं. पुढच्या ओळीतला एक जण उठून म्हणाला, "च्यायला, बिनकार्डाचा दोन वर्षं आमच्यात बसतो? हाकला याला!" आणखी दोघे उठले. मला वाटलं आता मारणार. चंद्रप्रकाशनं खिशातली डायरी काढली होती, ती तशीच हातात धरून तो माझ्याकडे बघत होता. तो चिडलाय की काय, मला कळेना. अखेर त्यानं त्या लोकांना हातानं खाली बसवलं.

"नाव घेतलंय ना यानं?" तो म्हणाला. "मग आधी वाजवू दे. बाकीचं नंतर बघतो मी." आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "जा. त्याचं वाजव."

मी स्टेजवर गेलो, स्टुलावर बसलो. भीमराजसाठी वाजवायचं होतं. मरोळच्या त्या खोलीत गादीला टेकून शेकडो तास ऐकलेलं. मी काठ्या टेकवल्या आणि हात आपोआप सुरू झाले. सफाईनं, जोरात, एकही चूक नाही. वाजवता वाजवता मला दिसलं की खालची माणसं माना डोलवताहेत. ज्यानं हाकला म्हटलं होतं त्याचाही पाय हलत होता. संपवलं तेव्हा कुणीतरी भरल्या आवाजात म्हणालं, "हाच. हाच भीमराज. ओळखीचा हात."

मला सुटल्यासारखं वाटलं. काम जाईल, जाऊ दे. एवढं तरी माझ्याकडून झालं.

राधा पोरीचा हात धरून मधल्या वाटेनं पुढे आली आणि स्टेजपाशी थांबली. ती रडत नव्हती.

"भाऊजी," ती हळूच म्हणाली, "हे त्यांचं नव्हतं."

मी स्टुलावरून उठायला लागलो होतो, तो परत बसलो.

"हे तुमचं होतं. यांना वाटतं ते त्यांचं, कारण यांनी तुम्हालाच ऐकलंय." तिनं पोरीला पुढे केलं. "हिला त्यांचं ऐकवा ना."

ती खरं बोलत होती, हे मला त्याच क्षणी कळलं. मी पुन्हा काठ्या उचलल्या आणि डोळे मिटले. भीमराज दिसला. गादीला टेकून मी, समोर तो, बाह्या दुमडलेला चौकड्यांचा शर्ट, कपाळावर घाम, मान एका बाजूला. हात वरखाली होताना दिसत होते. आवाज येत नव्हता. दोन वर्षं त्याच्या नावानं रोज मी वाजवलं होतं, आणि त्याखाली त्याचं वाजवणं केव्हा गेलं ते मला कळलंच नव्हतं. आमच्या बँडची कधी टेप निघाली नव्हती. स्टुडिओपर्यंत तो पोचलाच नव्हता. ऐकून पुन्हा वाजवता येईल असं ते दोघांच्याच कानात होतं, सरांच्या आणि माझ्या. सर गेले होते.

मी डोळे उघडले.  पोरगी स्टेजच्या कडेला हनुवटी टेकवून माझ्या हातांकडे बघत होती, वाजायची वाट बघत होती. दोन वर्षं मी पकडलं जायला भीत होतो, पण अशी भीती मला कधीच वाटली नव्हती. मी काठ्या धरून तसाच बसून राहिलो.